अपघातग्रस्तांचे हक्क आणि पहिले नव्वद दिवस



रस्त्यावरील अपघातात घरचे माणूस दगावले किंवा कायमचे जायबंदी झाले, तर त्या कुटुंबाला मिळावयाची भरपाई ही सरकारची कृपा नाही, वाहनमालकाचे औदार्य नाही आणि विमा कंपनीची मर्जीही नाही. संसदेने कायदा करून मान्य केलेला तो हक्क आहे. हक्क इतका स्पष्ट असूनही असंख्य घरांपर्यंत तो पोहोचत नाही, आणि पोहोचतो तेव्हा मधल्या वर्षांत मुलांची शाळा सुटलेली असते, सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो, सोसायटीचे कर्ज थकलेले असते. असे का व्हावे? कायद्यात तरतूद नाही म्हणून? वकील मिळत नाहीत म्हणून? निकाल लवकर लागत नाहीत म्हणून? या कारणांत थोडेफार तथ्य असले, तरी मूळ कारण वेगळे आहे आणि तेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे. अपघातग्रस्ताच्या हक्काचे भवितव्य न्यायालयात ठरण्याच्या फार आधी, अपघातानंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांत, पंचनामा, विमापत्र आणि पोलिसांचा अहवाल या कागदांवर ठरून गेलेले असते. आणि हे कागद जमवण्याचा भार २०२२ पासून कायद्याने शोकात बुडालेल्या कुटुंबावर ठेवलेला नसून तो शासनयंत्रणेच्या खांद्यावर टाकलेला आहे. ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा विषय नेवाशात मांडण्याला कारण आहे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा वाहता रस्ता घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा, प्रवरासंगम असा तालुक्याच्या अंगावरून जातो. शनिअमावास्येला शिंगणापूरकडे निघालेल्या गाड्या, घोडेगावच्या बाजारात येणारा कांदा, पायी चाललेल्या दिंड्या आणि गळीत हंगामात सोनईच्या मुळा व भेंडा येथील ज्ञानेश्वर कारखान्याकडे निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या, हे सगळे या रस्त्यावर आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवर एकत्र येते. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी मोटार आणि बैलाच्या पावलाने चालणारी गाडी एकाच डांबरावर असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४, म्हणजे दररोज सरासरी एकेचाळीसहून अधिक. या प्रत्येक आकड्यामागे एक वारस आहे, आणि त्या वारसाला कोणता हक्क आहे हे त्याला त्याच आठवड्यात कोणी सांगितले का, हा प्रश्न आहे.

हा हक्क एका दिवसात जन्माला आलेला नाही. १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाने मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना दावा लावण्याची मुभा दिली, परंतु तो दिवाणी दावा होता. कोर्ट फी भरा, साक्षीदार आणा, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा आणि वाट पाहा, असे त्याचे स्वरूप होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे केवळ अशाच दाव्यांसाठी नेमलेले आणि संक्षिप्त पद्धतीने चौकशी करणारे न्यायपीठ, अस्तित्वात आले. तरीही अडचणी सुटल्या नाहीत. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या प्रकरणात १९७७ मध्ये न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाही, असा निर्णय दिला. १९७९ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सरकारी बसच्या धडकेत मेलेल्या माणसाच्या विधवेकडून आणि मुलीकडून कोर्ट फी मागण्यासाठी राज्य सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या सरकारला खडे बोल सुनावले. अशा प्रकरणांचा परिणाम म्हणून १९८२ मध्ये पहिल्यांदा दोषविरहित दायित्व, म्हणजे चूक कोणाची हे सिद्ध न करताही द्यावयाची रक्कम, कायद्यात आली. ती मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये इतकी तुटपुंजी होती, पण तत्त्व मान्य झाले. पुढे १९८८ चा आजचा मोटार वाहन कायदा आला, १९९४ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली, आणि २०१९ च्या मोठ्या दुरुस्तीतील भरपाईविषयक कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

आज अपघातग्रस्तापुढे तीन वाटा आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यानेच पुष्कळ नुकसान होते.

पहिली वाट कलम १६६ ची. वाहन ठाऊक आहे, चालकाचा दोष दाखवता येतो, अशा वेळी न्यायाधिकरणापुढे अर्ज करून प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई मागता येते, आणि या भरपाईला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. ज्याला सर्वजण ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो त्रयस्थ पक्ष विमा, म्हणजे वाहनामुळे बाहेरच्या माणसाला होणाऱ्या इजेचा विमा, प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे तो याचसाठी. हा अर्ज अपघात झाला त्या ठिकाणच्या, अर्जदार राहतो त्या ठिकाणच्या किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. मुलगा पुण्याच्या कंपनीत कामाला असताना तिकडे अपघातात गेला, तरी नेवाशाच्या आईवडिलांना आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. दुसरी वाट कलम १६४ ची. येथे कोणाचीही चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा विमा कंपनीने द्यावयाचे असतात. मात्र येथे थांबून विचार केला पाहिजे, कारण कलम १६४ ची रक्कम तडजोडीने स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. घरात चूल पेटवायची पंचाईत असताना समोर आलेले ५ लाख नाकारणे कोणत्या विधवेला शक्य आहे? म्हणूनच त्या कागदावर अंगठा उमटण्याआधी तिला कोणीतरी हिशेब मांडून दाखवला पाहिजे. तो हिशेब पुढे येईलच.

तिसरी वाट कलम १६१ ची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. ठोकर देऊन वाहन पसार झाले, क्रमांक कळला नाही, वृत्तपत्रात ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ अशी ओळ छापून आली, की घरचे लोक समजतात की आता भांडायचे कोणाशी आणि मागायचे कोणाकडे. रात्री उसाच्या वाहनामागे परावर्तक पट्टी नाही, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले, दुचाकीस्वार रस्त्याकडेला पडलेला आणि सकाळी सापडलेला, असे चित्र या भागाला अपरिचित नाही. अशा ‘हिट अँड रन’ प्रकरणांसाठी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी हीच रक्कम अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज न्यायालयात नव्हे, महसूल खात्याकडे करावयाचा असतो: प्रांत किंवा तहसीलदार दर्जाचा दावा चौकशी अधिकारी महिनाभरात आपला अहवाल देतो, जिल्हाधिकारी दर्जाचा दावा निवारण आयुक्त पंधरा दिवसांत मंजुरी देतो आणि रक्कम विमा कंपन्यांच्या सामाईक निधीतून थेट खात्यात जमा होते. इतकी सोपी वाट असताना तिच्यावरून किती लोक चालले? सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी, कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेवर आदेश देताना जे आकडे नोंदवले ते अस्वस्थ करणारे आहेत. २०२२ मध्ये देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात झाले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली अर्ज आले २०५, निकाली निघाले ९५. सदुसष्ट हजारांत दोनशे पाच! पैसा नाही म्हणून नव्हे, कायदा नाही म्हणून नव्हे, सांगणारा कोणी नाही म्हणून. न्यायालयाने त्याच आदेशात पोलिसांवर बंधन घातले, की महिनाभरात वाहनाचा तपास लागला नाही तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. आता प्रश्न एवढाच, की असा लेखी कागद या तालुक्यातील किती घरांत पोहोचला आहे? (वाहन ठाऊक असलेल्या मृत्यूला दोष न पाहता ५ लाख आणि वाहन पळून गेलेल्या मृत्यूला २ लाख, हा भेद तर्काला धरून नाही, पळून जाणाऱ्याच्या अपराधाची किंमत मृताच्या मुलांनी का मोजावी, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही. रक्कम वाढवण्याचा विचार करावा असे न्यायालयानेही सुचवले आहे.)

या तीन वाटांशी एका चौथ्या गोष्टीची गफलत होते, ती म्हणजे सरकारी मदतीची घोषणा. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये खासगी बस पेटून १२ प्रवासी होरपळून मेले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. दोन्ही वेळी राज्य सरकारने प्रत्येक मृतामागे ५ लाखांची आणि केंद्राने २ लाखांची मदत जाहीर केली. ही मदत योग्यच होती, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु ती सानुग्रह मदत आहे, म्हणजे शासनाने आपखुशीने दिलेली, तिच्यावर दावा सांगता येत नाही, आणि ती पंचवीस जण एकत्र गेले म्हणून जाहीर होते. वडाळ्याजवळ एकटाच दुचाकीस्वार गेला तर त्याच्या दारी कोणी मंत्री येत नाही, कॅमेरा येत नाही, घोषणा होत नाही. त्याच्या घराचा आधार कायदा एवढाच आहे. म्हणून घोषणेची सवय लागलेल्या समाजाने हक्काची भाषा शिकणे हे त्या एकट्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळणे योग्य होईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तपास अधिकाऱ्याला एक दिनदर्शिकाच आखून दिली आहे. अपघातानंतर ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जावा. दहा दिवसांत अपघातग्रस्ताच्या हक्कांची माहिती देणारा नमुना २ हा छापील कागद जखमीच्या किंवा वारसाच्या हाती पडावा. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल, आणि नव्वद दिवसांत चालक, मालक, विमा, परवाना, दवाखान्याची कागदपत्रे, मृताचे उत्पन्न व अवलंबून असलेली माणसे यांची माहिती असलेला तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणापुढे दाखल व्हावा. तो मिळाल्यावर तीस दिवसांत विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने भरपाईविषयीचा आपला निर्णय कळवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोलिसांचा अहवाल न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणूनच हाताळावा, असे कलम १६६ च्या चौथ्या पोटकलमात म्हटले आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. म्हणजे आज कायद्याच्या दृष्टीने अपघातग्रस्त कुटुंबाने न्यायालयाचे दार ठोठावायचे नसून, न्यायानेच त्या घराचा पत्ता शोधत जायचे आहे.

प्रत्यक्षात काय घडते? अंत्यविधी उरकतो, दहावा होतो, तेरावा होतो. घरातली शहाणी मंडळी म्हणतात, गेलेला माणूस काही परत येत नाही. कोणीतरी वाहनमालकाचा निरोप घेऊन येतो, ‘मिटवून घ्या’ म्हणतो, शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर मजकूर लिहिला जातो, पन्नास हजार किंवा लाखभर रुपये हातावर ठेवले जातात. (निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, हा कायद्याने तडजोडपात्र नाही; मुद्रांकावर सही केल्याने तो संपत नाही, मात्र साक्षीदार फिरतात आणि दाव्याचा पाया खचतो.) इकडे घटनास्थळाचा पंचनामा पाच-सहा ओळींत उरकलेला असतो. रस्त्याची रुंदी किती, टायर घसरल्याच्या खुणा कोणत्या बाजूला आणि किती लांबीच्या, फुटलेल्या दिव्याच्या काचा मध्यरेषेच्या अलीकडे की पलीकडे, दुचाकीला मार पुढून की मागून, ट्रॉलीला मागे दिवा होता का, या गोष्टी त्या दिवशी टेपने मोजून लिहिल्या गेल्या तर चार वर्षांनी न्यायाधीशाला अपघात डोळ्यांसमोर उभा करता येतो. नाही लिहिल्या तर विमा कंपनीचा वकील मृताचीच चूक होती असे म्हणतो आणि ते खोडून काढायला हाती काही उरत नाही. चूक दोन्हीकडे असली, तर त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. म्हणजे टेपने न मोजलेल्या दहा फुटांची किंमत कधीकधी लाखांत मोजावी लागते. जखमी असेल तर सरकारी दवाखान्यातील वैद्यकीय-कायदेविषयक नोंद, म्हणजे ज्याला ‘एमएलसी’ म्हणतात ती, त्याच वेळी व्हावी लागते. घाईघाईत खासगी दवाखान्यात नेले आणि ‘घसरून पडला’ असे लिहिले गेले, तर तेच दोन शब्द पुढे दाव्याच्या आड येतात.

कुटुंबाची काही चुकीची समजूतही आड येते, आणि ती येथे दूर करणे आवश्यक आहे. दुचाकीवर तिघे बसले होते म्हणून भरपाई मिळणार नाही असे नाही. तिघे असणे हेच अपघाताचे कारण होते असे दिसल्याशिवाय केवळ त्या कारणाने रक्कम कापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात सांगितले. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा बुडत नाही, कारण तेथे संशयातीत पुरावा लागतो आणि येथे अधिक शक्य काय एवढेच पाहिले जाते. चालकाकडे परवाना नव्हता, तरी अनेक प्रकरणांत विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो.

आता तो हिशेब. या विषयातील सर्वांत अन्यायकारक गैरसमज म्हणजे ‘ती काही कमावत नव्हती’ हे वाक्य. समजा, चौतीस वर्षांची एक बाई शेतातून घरी परतताना वाहनाच्या धडकेत गेली; मागे नवरा आणि तीन मुले. पगाराची पावती नाही, बँकेत खाते असले तरी व्यवहार नाही. पण पहाटे उठून म्हशीची धार काढणे, डबे करणे, मुलांना शाळेत पाठवणे, कांद्याची खुरपणी, संध्याकाळचा स्वयंपाक, सासूचे दुखणे, हे सगळे तीच करत होती. हे काम नव्हते काय? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात, भारतातील स्त्री विनावेतन घरकामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतो ही पाहणीतील आकडेवारी नोंदवून, गृहिणीच्या श्रमाला मानीव उत्पन्न, म्हणजे न्यायालयाने योग्य म्हणून गृहीत धरलेले उत्पन्न, लावलेच पाहिजे असे ठामपणे सांगितले. हे मानीव उत्पन्न दरमहा १२,००० रुपये धरले, तर २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवावे लागतात, म्हणजे १६,८००. चार माणसे अवलंबून धरली, तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो, उरतात १२,६००, वर्षाचे १,५१,२००. २००९ च्या सरला वर्मा निर्णयाने वयानुसार गुणक ठरवून दिले आहेत, म्हणजे वार्षिक नुकसानीला किती वर्षांनी गुणायचे तो आकडा, आणि ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे. गुणाकार येतो २४,१९,२००. त्यात पतीच्या व मुलांच्या सहवासाची हानी, मालमत्तेची हानी आणि अंत्यविधीचा खर्च मिळवला की रक्कम २६ लाखांच्या पुढे जाते, आणि तिच्यावर व्याजही मिळू शकते. उत्पन्न किती धरायचे हे प्रत्येक प्रकरणात बदलेल, पतीला अवलंबून धरायचे की नाही यावर वाद होईल, दोषाचा वाटा कापला जाईल, हे सर्व खरे. तरीही मुद्रांकावरचे पन्नास हजार कोठे, कलम १६४ चे पाच लाख कोठे आणि हे सव्वीस लाख कोठे?

जगलेल्या माणसाचा हिशेब याहून अवघड असतो, आणि त्याच्याकडे कमी लक्ष जाते. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते, परंतु ती अवयवाची असते, कमाईची नसते. एक हात गेलेला कारकून पुन्हा टेबलाशी बसू शकतो. एक हात गेलेला ऊसतोड कामगार कोयता धरू शकत नाही, मोळी उचलू शकत नाही. दोघांच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी एकच असली तरी दोघांचे नुकसान एक नाही, आणि २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निर्णयाने हेच मान्य केले आहे, की कमाईची क्षमता किती गेली हे न्यायाधिकरणाने त्या माणसाचा व्यवसाय पाहून ठरवावे. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून येथे येणाऱ्या तोडणी कामगारांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: ट्रॅक्टरचा विमा असतो पण ट्रॉलीचा नसतो, किंवा ट्रॉलीवर माणसे बसवणे विम्याच्या अटीत बसत नाही, आणि मग विमा कंपनी हात वर करते. अशा प्रकरणांत न्यायालयांचे निर्णयही एकसारखे नाहीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी, उचल देताना, मुकादमाने आणि कारखान्याने ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचे विमापत्र तपासले तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाणारच नाही. कामगाराच्या जिवाची एवढी काळजी घेणे हे त्याला कामाला लावणाऱ्याचे किमान कर्तव्य आहे.

दाव्याबाहेरचेही काही हक्क आहेत. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य अपघातात गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो आणि त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. ज्या नेत्याच्या नावाने ही योजना आहे, ते स्वतः ३ जून २०१४ रोजी दिल्लीत रस्ता अपघातातच गेले. वाहनमालक स्वतःच गाडी चालवताना दगावला, तर त्याच्या विम्यासोबत घेतलेल्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाची चौकशी घरच्यांनी अवश्य करावी. उपचारांसाठी ५ मे २०२५ च्या अधिसूचनेने रोखरहित उपचार योजना आली असून, नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार पैसे न भरता मिळावयाचे आहेत. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतील ही भीती आता कायद्याने निराधार केली आहे. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि ‘राहवीर’ योजनेत त्याच्यासाठी २५ हजार रुपयांचे पारितोषिकही ठेवले आहे.

इतर देशांकडे क्षणभर पाहिले, तर आपला कायदा कोठे उभा आहे हे कळते. फ्रान्सने ५ जुलै १९८५ रोजी, न्यायमंत्री रोबेर बादिंतेर यांच्या पुढाकाराने, पादचारी आणि सायकलस्वार यांना मोटारीच्या धडकेत झालेल्या शारीरिक इजेची भरपाई, त्यांची अक्षम्य चूक हेच अपघाताचे एकमेव कारण असल्याचा अपवाद सोडता, मिळालीच पाहिजे असा कायदा केला. मुले आणि वृद्ध यांना त्याहूनही अधिक संरक्षण दिले. रस्त्यावर जो दुबळा आहे त्याने पुराव्याचे ओझे वाहायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व. बैलगाडी, दिंडी आणि सायकल अजूनही ज्या रस्त्यावर आहेत त्या आपल्या देशात हे तत्त्व अधिक लागू पडते, आणि पाच लाखांच्या ठरीव रकमेपुरते मर्यादित न राहता ते पूर्ण भरपाईपर्यंत विस्तारले पाहिजे.

शेवटी मुदतीविषयी. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ च्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. १९९४ मध्ये संसदेनेच काढून टाकलेली ही अट पुन्हा आणणे गरीब कुटुंबांवर अन्याय करणारे आहे, कारण सहा महिने म्हणजे ज्या घराचा कर्ता गेला त्या घराला सावरायलाही पुरत नाहीत. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली असून, नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, केवळ मुदत उलटली या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला आहे. उशीर झालेल्या कुटुंबाने म्हणून आशा सोडू नये. ज्याला उशीर झालेला नाही त्याने मात्र या आदेशाच्या भरवशावर थांबू नये.

येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला, विशेषतः सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शिक्षक, सोसायटीचे सचिव आणि तालुक्यातील वकीलवर्ग यांना, एक विनंती आहे. गावात अपघाती मृत्यू झाला, तर दहाव्याला जाताना त्या घरी तीन प्रश्न विचारावेत: नमुना २ चा कागद पोलिसांनी दिला का, प्रथम खबर अहवालाची (एफआयआर) व पंचनाम्याची प्रत हाती आहे का, आणि धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्याचा क्रमांक कळला का. उत्तर नाही असे आले, तर त्या बाईला किंवा त्या म्हाताऱ्या बापाला न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे सोबत घेऊन जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता वकील विनामूल्य मिळतो. वाहन अज्ञात असेल, तर त्यांना तहसील कार्यालयात न्यावे. आणि कोणी मुद्रांक घेऊन आलेच, तर या दोन ठिकाणी जाऊन आल्याशिवाय त्यावर अंगठा उमटू देऊ नये.